बॅक प्रेशरवर घेतलेला आळ

बॉयलरवर वावरणाऱ्यांत एक समज घट्ट बसलाय: रिटर्न लाइनमध्ये बॅक प्रेशर (बाहेरच्या बाजूचा दाब) आलं की स्टीम ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून तिचं झालेलं पाणी तेवढं सोडणारी झडप, संपला. आत ७ किलोचा दाब (दर चौरस सेंटिमीटरला), बाहेर साडेतीन, म्हणजे निचरा निम्मा, असा तोंडी हिशेब होतो. पाठोपाठ उपायही ठरतो: रिटर्न तोडा, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) गटारात सोडा. तापवलेलं, शुद्ध केलेलं पाणी वाया जातं ते वेगळंच.

हा हिशेब साध्या थंड पाण्यालाही लागू नाही. प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो; फरक निम्मा झाला तरी ७१ टक्के पाणी जातंच. कंडेन्सेट तर ७ किलोला सुमारे १७० अंशांवर असतं. ट्रॅपच्या छिद्रातून बाहेर पडताना दाब उतरल्यामुळे त्यातल्या थोड्या पाण्याची लगेच वाफ (फ्लॅश) होते आणि तीच वाट अडवते. बाहेर दाब असला की फ्लॅश कमी होते, पाण्याला वाट जास्त मिळते. म्हणून ट्रॅप बनवणाऱ्यांच्या तक्त्यांत या दाबाला ५० टक्के बॅक प्रेशरवर क्षमतेतली घट साधारण १० टक्केच दिसते. ७५ टक्क्यांवर मात्र ती २८ होते, आणि चकतीचा थर्मोडायनॅमिक ट्रॅप ८० टक्क्यांच्या पुढे नीट मिटतच नाही. फ्लोट ट्रॅपचं तसं नाही.

दाखला हवा तर कागद उद्योगाचा घ्या.  कागदाच्या मशीनवर ओला कागद वाफेच्या सिलिंडरांवर वाळतो. या उद्योगातल्या कॅस्केड पद्धतीत जास्त दाबाच्या सिलिंडरांचं कंडेन्सेट टाकीत येतं, आणि तिथली फ्लॅश वाफ पुढच्या कमी दाबाच्या गटाला मिळते. म्हणजे पहिल्या गटावर बॅक प्रेशर मुद्दाम ठेवलेलं असतं! सांभाळायचा असतो तो सिलिंडर आणि टाकी यांच्या दाबांतला फरक.

मग पूर्वपक्षाला काहीच आधार नाही का? आहे, पण तो म्हणतो तिथे नाही. सरकीचं तेल तापवणाऱ्या हीटरचं उदाहरण घेऊ. वाफ कंट्रोल व्हॉल्व्हमधून येते, रिटर्न लाइन ६ मीटर वर गेलेली. ही चढणच ०.६ किलोची. तेल तापत आलं की व्हॉल्व्ह मिटत जातो आणि हीटरमधला दाब ५ किलोवरून अर्ध्या किलोवर येतो. फरक उरलाच नाही. पाणी हीटरमध्येच तुंबतं, नळ्या ठोके देऊ लागतात. ट्रॅप हा पंप नव्हे, पण शिव्या त्यालाच. वैतागलेला फिटर बायपास उघडतो, जिवंत वाफ रिटर्नमध्ये घुसते आणि शेजारच्या चांगल्या ट्रॅपांवरही दाब चढतो.

दुसरी चूक डिझाइनची: रिटर्नचा पाइप निव्वळ पाण्याच्या मापाने घेतात. ७ किलो दाबावरचं एक किलो वजनाचं कंडेन्सेट उघड्या दाबाला आलं की त्यातल्या सुमारे १३० ग्रॅमची वाफ होते, आणि तिला दोनशे लिटरांहून जास्त जागा लागते. बारीक पाइपात ती कोंडते.

तेव्हा रिटर्न तोडण्याआधी ट्रॅपच्या दोन्ही बाजूंना गेज लावावेत आणि ते वाचावेत व्हॉल्व्ह जेमतेम उघडा असताना. तेव्हा फरक टिकत नसेल, तर कंडेन्सेट उतरत्या नळीने खालच्या टाकीत घेऊन तिथून पंपाने वर चढवावं.