शिशाचें विष आणि पुराव्याचा भार

मनुष्य केवळ अज्ञानानें विष घेतो, असें आम्हांस वाटत नाहीं. पुष्कळदां तो जाणूनबुजून घेतो. शिसेंयुक्त पेट्रोलचा इतिहास याची साक्ष देतो. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यांस असें आढळलें कीं, पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग अल्प प्रमाणांत मिसळलें असतां इंजिनांतील ठोके थांबतात. १९२४ सालीं न्यू जर्सीमधील एका कारखान्यांत हेंच द्रव्य हाताळतांना ५ कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. पुढील वर्षीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या परिषदेंत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनीं बजावलें कीं, कारखान्यांत बंदोबस्त करतां येईल, साऱ्या देशांत तो कसा करणार? परंतु बंदी घालण्याजोगा पुरावा नाहीं, असें समितीनें ठरविलें व विक्री पुन्हा सुरू झाली. भारतांत हें पेट्रोल २००० सालीं बंद झालें. सर्वांच्या शेवटीं, २०२१ सालीं, अल्जीरियांत. इशाऱ्यानंतर ९६ वर्षें गेलीं! पदार्थ निरुपद्रवी असल्याचा पुरावा विकणाऱ्यानें द्यावयाचा. येथें अपायाचा पुरावा श्वास घेणाऱ्याकडे मागितला गेला. रंगांत आणि भांड्यांत शिसें अद्याप आढळतें. तेथें तरी पुराव्याचा हा भार योग्य खांद्यावर जावा, एवढेंच आमचें मागणें आहे.