बायांचं पुराण



स्मरणिकेच्या मंडळींचा निरोप आला, "तुझ्याकडून आठवणी नकोत, त्या सगळ्याच जणी लिहिताहेत. तू इतिहासाचं काहीतरी दे." तीस वर्षं इतिहास शिकवल्याचा हा परिणाम. तरीही सुरुवात आठवणीनंच करते, कारण एक जुनी चूक कबूल करायची आहे.

नववीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला पहिलं बक्षीस मिळालं होतं. विषय अर्थातच महर्षी कर्वे. हिंगण्याच्या शाळेत दुसरा कोणता असणार! पाच मिनिटांच्या त्या भाषणात अण्णांची साताऱ्याची पायपीट होती, 1896 ची आश्रमाची स्थापना होती, 1900 साली माळरानावर उभी राहिलेली झोपडी होती, 1916 चं महिला विद्यापीठ होतं आणि 1958 चं 'भारतरत्न' होतं. बायांसाठी एकच वाक्य होतं : "त्यांच्या पत्नीनेही त्यांना मोलाची साथ दिली." पुढे शिक्षिका झाल्यावर हेच वाक्य मी मुलींच्या वह्यांतून किती वेळा वाचलं असेल. प्रत्येक वेळी त्याखाली लाल रेघ मारावीशी वाटली आणि प्रत्येक वेळी माझंच अक्षर समोर आलं.

बाया म्हणजे आनंदीबाई कर्वे. त्यांनी वार्धक्यात 'माझे पुराण' लिहिलं, ते 1944 साली सूनबाई कावेरीबाईंच्या संपादनानं पुस्तकरूपात आलं. नावापासूनच त्यांचा स्वभाव कळतो. अण्णांच्या 1915 सालच्या पुस्तकाचं नाव 'आत्मवृत्त'. बायांचं मात्र 'पुराण'. आपल्याकडे कोणी लांबण लावली की आपण म्हणतो, "झालं हिचं पुराण सुरू!" बायांनी तोच शब्द स्वतःवर घेतला, म्हणजे हसणाऱ्यांची सोय आधीच करून ठेवली.

माहेरच्या त्या गोदूबाई जोशी, रत्नागिरीकडच्या. आठव्या वर्षी नातूंच्या घरी लग्न झालं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलं. पुढची कितीतरी वर्षं सासरी कामात गेली. मग भाऊ नरहरपंतांनी त्यांना मुंबईला आणलं. नरहरपंत आणि धोंडो केशव कर्वे हे मित्र, एकाच बिऱ्हाडात राहणारे. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई त्याच घरात होत्या. म्हणजे पुढे जिच्या जागी जायचं, तिच्याच शेजारी गोदूबाई वावरत होत्या.

11 मार्च 1889 ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडलं आणि तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. सदन पुण्यात आलं, त्याही पुण्यात आल्या. 1891 मध्ये राधाबाई गेल्या, त्याच साली कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले. 11 मार्च 1893 ला दोघांचं लग्न झालं. तारीख पाहा, शारदा सदनाचीच. नवं नाव आनंदीबाई.

लग्नानंतर दोघं मुरुडला गेली तेव्हा गावानं वाळीत टाकलं. झळ खरी लागली ती मुरुडात राहणाऱ्या आईला आणि भावाला. सुधारणेचा इतिहास शिकवताना आपण हा भाग दोन ओळींत संपवतो. बहिष्कार म्हणजे काय, तर पाणवठ्यावर, लग्नकार्यात, मर्तिकात शेजारी तुमच्याकडे पाहत नाही. सुधारक पुण्यात राहतो. त्याचं गावातलं कुटुंब मात्र तिथंच असतं.

आता जी गोष्ट मला शाळेत कोणी सांगितली नव्हती, ती. अण्णांनी पुनर्विवाहाचं काम आणि विधवांच्या शिक्षणाचं काम वेगळं ठेवलं. हिशेब बरोबर होता. 'आश्रमात पाठवली की मुलीचं लग्न लावून देतील' अशी धास्ती बसली असती, तर एकाही बापानं मुलगी पाठवली नसती. पण त्याचा अर्थ असा झाला, की ज्या बाईच्या लग्नापासून हे सगळं सुरू झालं, तिलाच सुरुवातीला आश्रमापासून अंतर राखावं लागलं. अण्णा कॉलेज संपवून चालत हिंगण्याला जात. बाया घरी.

आणि घर कसलं! राधाबाईंचा रघुनाथ, मग शंकर, दिनकर आणि भास्कर, त्यात शिकायला राहिलेली नात्यातली पोरं. प्राध्यापकाचा पगार होता, पण त्याला संस्थेची तोंडं आधी दिसत. आयुर्विम्याची पॉलिसीसुद्धा अण्णांनी संस्थेच्या नावे केली. बायांना काय वाटलं असेल, यासाठी कल्पना लढवायला नको. पुस्तकात त्या रुसवा लपवत नाहीत. पण रुसून बसल्या नाहीत. नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेतलं, चार पैसे मिळवले. 1930 च्या अखेरीस अण्णा आफ्रिकेच्या दौऱ्यावर निघाले तेव्हा त्याही बरोबर होत्या. शंकरराव तिकडे मोंबासात डॉक्टर होते. परक्या मुलखात दारोदार वर्गणी मागायला मात्र त्यांनी अंतर राखलं नाही.

त्यांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, तरुणपणी विधवा झालेली, एक मुलगा पदरी. ती अण्णांच्या संस्थेत आली, शिकली आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आली. तिची 'माझी कहाणी' 1928 सालची, म्हणजे धाकटीचं पुस्तक थोरलीच्या आधी. एक बहीण पुनर्विवाह केलेली, दुसरी न केलेली. दोघींनी लिहिलं, आणि दोघींचा मेव्हणा-नवरा एकच माणूस, पण दोन पुस्तकांत तो अगदी एकसारखा दिसत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याहून चांगला धडा कुठे मिळणार?

या घराला लिहिण्याची खोडच होती म्हणा ना. रघुनाथरावांनी 1927 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' चालवलं. संततिनियमनावर उघड लिहिलं, कोर्टाच्या पायऱ्या चढले. बापाच्या कामाला पैसे देणारा समाज मुलाला शिव्या देत होता. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. दिनकरराव फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. त्यांनी अशा घरांच्या आठवणी इंग्रजीत आणणारं एक पुस्तक केलं, ते 1963 साली निघालं. त्यांच्या पत्नी इरावतीबाई म्हणजे 'युगान्त'वाल्या, डेक्कन कॉलेजातल्या, पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या. नाती जाई निंबकर आणि गौरी देशपांडे. गौरीबाईंच्या कादंबऱ्या आपण कॉलेजात पुस्तकाला कव्हर घालून वाचल्या, हे आता सांगायला हरकत नाही.

इरावतीबाईंचं एक म्हणणं मला फार खरं वाटतं. सासऱ्यांबद्दल लिहिताना त्या म्हणतात, की अशा माणसाची सून असल्याचा अभिमान आहे, आणि आपण त्यांची बायको नव्हतो याचं समाधान त्याहून वेगळं. थट्टा आहे, पण ती त्या घरात राहिलेल्या बाईची आहे. सासूनं काय सोसलं हे तिनं जवळून पाहिलं होतं. सासऱ्याला कमी न लेखता सासूची बाजू एका वाक्यात मांडली. मला पाच मिनिटं मिळाली होती, तरी जमलं नाही.

1972 साली 'हिमालयाची सावली' रंगभूमीवर आलं. वसंत कानेटकरांच्या त्या नाटकातले नानासाहेब आणि बयो कोणावरून घेतलेत, हे पुण्यात कोणाला सांगावं लागलं नाही. डॉ. लागू आणि शांता जोग. मी आईबरोबर गेले होते. येताना आई एस.टी.त गप्प होती. घरी आल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "त्या नानासाहेबांसाठी सगळे टाळ्या वाजवत होते. बयोच्या डब्यात पीठ होतं का, ते कोणी विचारलं?" माझे वडील कामगार चळवळीत होते. त्यांच्या पगारातलं किती घरी येई, हे आईला ठाऊक होतं. मला ते कळायला पुढे बरीच वर्षं गेली.

पण दुसरी बाजूही सांगायलाच हवी, नाहीतर पुन्हा एकतर्फी भाषण होईल. माझ्या आजोबांची बहीण, आमची आत्याआजी, सतराव्या वर्षी विधवा झाली आणि हिंगण्याला आली. शिकली, शाळामास्तरीण झाली, एका तालुक्याच्या गावी एकटी राहिली. तिच्या मनिऑर्डरीवर माझे वडील आणि काका शिकले. अण्णांनी पगार घरी ठेवला असता, बायांनी भांडून पॉलिसी परत आणली असती, तर आत्याआजी कोकणातल्या माजघरात राहिली असती आणि मी नववीत हिंगण्याला भाषण करत नसते. बायांच्या डब्यातलं पीठ असं आमच्या घरापर्यंत आलेलं आहे. मला अण्णांवर रागावता येत नाही, आणि बायांचं वाचून गप्पही बसवत नाही.

बाया 1950 साली गेल्या. अण्णा त्यानंतर बारा वर्षं होते, 9 नोव्हेंबर 1962 पर्यंत, एकशे चार वर्षांचे होऊन. आपल्यापैकी ज्या तेव्हा बालवर्गात होत्या त्यांना घरातल्या मोठ्यांची कुजबुज आठवत असेल.

मेळाव्याच्या दिवशी झोपडीपाशी फोटो काढायचं ठरलंच आहे. त्या वेळी मी 'माझे पुराण'ची माझी प्रत पिशवीत घालून आणणार आहे. शिवण सुटली आहे, तेव्हा जपून. पहिली कोणी न्यायची ते आपसात ठरवा, आणि दोन महिन्यांत परत करा. शाळेच्या वाचनालयातून नेलेली पुस्तकं कोणी कोणी अजून परत केलेली नाहीत, त्यांची नावं मला पाठ आहेत.