गोव्यातील फुटबॉल क्लबांची ऐतिहासिक क्रमवारी : मोजमापाचा प्रश्न

गोव्यातील सर्वांत यशस्वी फुटबॉल क्लब कोणता, या प्रश्नाचे उत्तर वरकरणी सोपे वाटते. राष्ट्रीय लीग व तिची उत्तराधिकारी आय-लीग यांची मिळून पाच विजेतेपदे धेंपो क्लबाच्या नावावर आहेत. २००४-०५ ते २०११-१२ या काळातील ही सर्व विजेतेपदे प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाली. साळगावकर व चर्चिल ब्रदर्स यांची लीग विजेतेपदे प्रत्येकी दोनच.

तथापि फेडरेशन चषक व ड्युरँड चषक जमेस धरताच हा क्रम पालटतो. साळगावकरने फेडरेशन चषक चार वेळा (१९८८, १९८९, १९९७, २०११) व ड्युरँड चषक तीन वेळा (१९९९, २००३, २०१४) जिंकला. धेंपोकडे हे चषक प्रत्येकी एकच. परिणामी एकूण बेरीज साळगावकर नऊ, धेंपो सात आणि चर्चिल सहा अशी होते. लीगला दुप्पट गुण दिल्यास मात्र धेंपो बारा व साळगावकर अकरा! म्हणजे अग्रस्थान मैदानावर नव्हे, तर अभ्यासकाच्या मेजावर ठरते.

या विसंगतीचे मूळ कालक्रमात आहे. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. तत्पूर्वी देशपातळीवरील श्रेष्ठत्व चषक स्पर्धांतूनच सिद्ध होत असे. केवळ लीग मोजणे म्हणजे साळगावकरचे १९८८-८९ मधील यश इतिहासातून वगळणे होय. ब्राझीलमध्येही हाच पेच उद्भवला होता. तेथील महासंघाने २०१० मध्ये १९५९ ते १९७० या काळातील जुन्या स्पर्धांना राष्ट्रीय विजेतेपदाचा दर्जा दिला आणि सान्तोसची विजेतेपदे एका निर्णयासरशी दोनवरून आठ झाली.

प्रस्तुत लेखकाच्या मते कालखंडनिहाय क्रमवारी अधिक न्याय्य ठरते. २००७-०८ ते २०१२-१३ या सलग सहा मोसमांत आय-लीग गोव्यातच राहिली. त्यांपैकी तीन विजेतेपदे धेंपोची, दोन चर्चिलची व एक साळगावकरचे. या कालखंडापुरते धेंपोचे श्रेष्ठत्व वादातीत आहे.

पुढे २०१६ मध्ये, प्रस्तावित फेररचनेत आय-लीगला दुय्यम स्थान मिळणार म्हणून धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग क्लब यांनी स्पर्धेतून माघार घेतली. नव्या इंडियन सुपर लीगमध्ये एफसी गोवा हा संघ २०१९-२० मध्ये गुणतक्त्यात अव्वल राहिला. परंतु बाद फेरीअंती विजेता ठरला एटीके. जुन्या राष्ट्रीय लीगच्या निकषाने तो मोसम गोव्याच्याच खाती जमा झाला असता.