हत्याराचे पाणी

गोंदिया जिल्ह्यातील देवरीकडे भातशेतीचा मुलूख आहे. तेथला लोहार विळ्याला पाणी देतो, तेव्हा तो घड्याळजीच्याच विद्येचा धडा गिरवीत असतो.

युरोपातील जुना घड्याळजी एका हाताने कमान ओढून चाकाचा पोलादी आस फिरवी व दुसऱ्या हाताने त्यावर हत्यार टेकवून तो काती. हे हत्यार तो स्वतःच घडवी. झिजलेली कानसही त्यास पुरे. ती लालबुंद तापवून पाण्यात बुडविली की पोलाद कठीण होते, परंतु काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते घासून उजळावयाचे व मंद आचेवर पुन्हा तापवावयाचे. सुमारे 220 अंश सेंटिग्रेडला फिका पिवळा रंग चढतो, 300 च्या सुमारास निळा. कातण्याच्या धारेस पिवळा योग्य, स्प्रिंगेस निळा.

सन 1800 च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉडस्लेने हत्यार धरणारी सरकती बैठक लेथवर रूढ केली आणि हाताची पकड यंत्राकडे गेली. आपल्याकडे किर्लोस्करांनी 1941 साली हरिहर येथे लेथचा कारखाना उभारला. तथापि यंत्र हत्यार धरते; त्याचे पाणी पारखीत नाही. तयार हत्यारावरच विसंबणाऱ्यास रंगांची ही लिपी वाचता येत नाही, आणि धार गेली की त्याचे कामच थांबते. लोहाराच्या भात्यापाशी ती लिपी निरक्षरासही अवगत असते.