ब्रेल टंकलेखन आणि मराठीचा उच्चारक्रम : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व कालांतराने भोसरी, चाकणपर्यंत कारखाने पसरले. त्यांच्या कचेऱ्यांना टंकलेखकांची गरज भासू लागली. शासकीय लिपिक-टंकलेखक पदासाठी तर मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची पात्रता ठरलेली. टंकलेखनाच्या या इतिहासात सहा कळांच्या ब्रेल यंत्राची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. चाकणनजीकच्या आळंदीत अंध मुलींची शाळा असल्याने ही उणीव अधिकच जाणवते.

भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल १९५१ मध्ये निश्चित झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील पर्किन्स अंधशाळेचे ब्रेल यंत्र प्रचारात आले. साध्या टंकयंत्रावर दोन कळा एकदम दाबणे ही चूक. येथे तीच लेखनाची रीत होय. सहा कळांच्या निरनिराळ्या मेळांतून ६३ चिन्हे उमटतात. 'च'साठी पहिली व चौथी कळ, म्हणजे दोन्ही हातांच्या तर्जनी, एकाच क्षणी दाबाव्या लागतात. उजवी तर्जनी मागे राहिली तर 'अ' उमटतो. त्यामुळे नवशिक्याची खरी कसोटी वेगात नसून बोटांच्या एकवेळपणात असते. डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये एका हाताने चालणारा पाच कळांचा संच दाखविला, त्यामागेही हेच तत्त्व होते. पर्किन्स यंत्राचाही एकहाती प्रकार उपलब्ध आहे.

याहून महत्त्वाचा मुद्दा उच्चारक्रमाचा आहे. 'चिंचवड' लिहिताना रेमिंग्टन पद्धतीचा टंकलेखक आधी ऱ्हस्व वेलांटी व मग 'च' उमटवी. डोळ्यांना दिसणारा क्रम तो बोटांनी गिरवीत असे. ब्रेलमध्ये आधी 'च' व नंतर 'इ' येते, म्हणजे जसे बोलावे तसे लिहावे. संगणकावरील इनस्क्रिप्ट कळफलकानेही पुढे हाच क्रम स्वीकारला. त्याला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. डोळस टंकलेखकास जी सवय प्रयासाने मोडावी लागली, ती ब्रेल शिकलेल्यास मुळात जडलेलीच नव्हती. संगणकाच्या आगमनाची चर्चा करताना ही बाजू सहसा विसरली जाते.

अर्थात जोडाक्षरांबाबत हे साम्य टिकत नाही. चाकणजवळील 'म्हाळुंगे' लिहिताना ब्रेलमध्ये हलंतचिन्ह 'म'च्या आधी येते, तर इनस्क्रिप्टमध्ये ते 'म'नंतर द्यावे लागते. ब्रेलकडून संगणकाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यास तेवढे मात्र नव्याने शिकावे लागते.