शेवट आधीच ठाऊक असतो तेव्हा…

१/ १९ मे २०१९ रोजी ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अद्भुतरम्य मालिकेचा अखेरचा भाग प्रसारित झाला. अखेरचे पर्व नव्याने लिहावे, या मागणीवर दहा लाखांहून अधिक चाहत्यांनी सह्या केल्या. मालिकांच्या शेवटावर प्रेक्षक रुसतात तेव्हा एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘हे तर आधीच कळले होते!’ पण शेवट आधी कळणे हा खरोखरच दोष आहे काय? मराठी रंगभूमीचा इतिहास वेगळे उत्तर देतो.

२/ हे उत्तर शोधायला भंडारा जिल्ह्यातील साकोलीपासून आरंभ करावा. मुंबई-कोलकाता महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव. भोवती धानाची बांधी, तलाव आणि जंगल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या जिल्ह्यांत पसरलेला हा प्रदेश ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. येथील झाडीबोलीचा आणि लोकरंगभूमीचा सखोल अभ्यास साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला.

३/ दिवाळी आटोपली की गावोगावी मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात. दिवसा दंडार आणि खडी गंमत, रात्री नाटक. दंडार ही येथील जुनी लोकनाट्यपरंपरा. तिच्यात स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेत आले. नाटक रात्री उशिरा उभे राहते आणि पहाटेपर्यंत चालते.

४/ त्या नाटकाचा शेवट बहुतेक प्रेक्षकांना पहिल्या अंकातच उमगलेला असतो. दुष्टाचे पाप उघडे पडणार, विखुरलेले घर एकत्र येणार. तरीही थंडीत घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक उठत नाही. विनोदी नट आज कोणती फिरकी घेतो, आईचा आक्रोश काळजाला भिडतो की नाही, हे त्याला पाहायचे असते. अशाच विनोदी भूमिकांनी लोकप्रिय झालेले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

५/ मग प्रेक्षक ठरावीक शेवट निमूटपणे स्वीकारतो, असे म्हणावे काय? तसेही नाही. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भावे यांनी ‘सीता स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. पुढे या धर्तीच्या नाटकांचा एक साचा बनला : सूत्रधार, विदूषक, गणपती-सरस्वतीचे आगमन, मग देव-राक्षसांचे युद्ध आणि राक्षसाचा पराभव. त्या काळचे हे अद्भुतरम्य विश्वच होते.

६/ लोक या नाटकांवर लुब्ध झाले. अनेक मंडळ्या निघाल्या, अनुकरणे झाली. हळूहळू कथा मागे पडली. उरला राक्षसांचा आरडाओरडा आणि तलवारींचा खणखणाट. नवशिक्षित प्रेक्षक या प्रकाराला ‘तागडथोम’ नाटके म्हणून हिणवू लागला.

७/ १८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने या तरुणाने ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक लिहिले. त्यात देव नव्हते, राक्षस नव्हते. शेवटी पेशव्यांचा मृत्यू आणि रमाबाईंचे सहगमन होते. नाटकाचा शेवट गोडच हवा, हा संस्कृत नाट्यपरंपरेचा संकेत येथे मोडला गेला.

८/ लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की हा शेवटही सर्वांना ठाऊकच होता. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निवर्तले, हे प्रेक्षकांपासून लपवण्याजोगे रहस्य नव्हे. नावीन्य शेवटाच्या गुपितात नव्हते. माणसाच्या दुःखातून तो शेवट अटळपणे उगवत होता, हे त्याचे बळ होते.

९/ कादंबरीतही हेच घडले. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) यांनी वाचकांना अद्भुताची गोडी लावली. संकटे कितीही आली तरी सज्जनांचे भले ठरलेले. १८७२ मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ लिहून अशा असंभाव्य कथांवर टीका केली. १८९० पासून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येऊ लागली. यमूचे भोग वाचकाला आधीच दिसू लागतात. म्हणूनच ते अधिक बोचतात.

१०/ दूरचित्रवाणीच्या काळात या प्रश्नाला वेगळेच वळण मिळाले. २५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले. ज्याचा शेवट साऱ्या देशाला ठाऊक, त्या कथेसाठी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत. ३१ जुलै १९८८ रोजी राज्याभिषेकानंतर मालिका संपली आणि असंतोष उसळला.

११/ जालंधरसह उत्तरेतील काही शहरांत सफाई कामगारांनी संप पुकारला. यांतील अनेकजण स्वतःला महर्षी वाल्मीकींचे वंशज मानणारे. वाल्मीकींचा आश्रम, सीता आणि लव-कुश ज्या भागात येतात, तो उत्तरकांडाचा भागच मालिकेने वगळला होता. शहरांत कचऱ्याचे ढीग साचले. अखेर पुढील भाग काढण्याचे ठरले आणि ते प्रसारितही झाले. त्या प्रेक्षकांना अनपेक्षित शेवट नको होता. त्यांना ठाऊक असलेला, आपला वाटणारा शेवट हवा होता.

१२/ या साऱ्यातून एक सूत्र हाती लागते. शेवट ओळखता आला म्हणून प्रेक्षक दुखावत नाही. कथा तिथवर कष्टाने पोहोचली नाही, पात्रांनी त्याची किंमत मोजली नाही, किंवा ज्यांची ती कथा त्यांनाच वगळले, तर तो दुखावतो. ‘आधीच कळले होते’ या तक्रारीच्या पोटात पुष्कळदा वेगळे दुःख असते : वर्षानुवर्षे लावलेल्या जिवाचे चीज झाले नाही.

१३/ झाडीपट्टीत हा हिशेब समोरासमोर होतो. नाटक ठरवणारे मंडळ गावातले, तिकीट काढणारा गावकरी, नट दहा हातांवर उभा. रंग भरला नाही तर प्रेक्षक जागच्या जागी सांगतो. दूरच्या देशात लिहिल्या जाणाऱ्या मालिकेच्या चाहत्याला ही सोय नाही. म्हणून तो सह्या गोळा करतो.

१४/ येत्या दिवाळीनंतर साकोलीच्या वाटेला जाणे झाले, तर एखाद्या गावची मंडई चुकवू नये. नाटकाचा शेवट कोणीही आधीच सांगेल. तरीही पहाटेपर्यंत मांडवातली गर्दी का हलत नाही, हे तिथे बसूनच कळते.