नुसतं "जपून राहा" म्हणून भागतं का?

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, रजिस्टरवर सह्या-अंगठे झाले आणि सचिवताईंनी शाळेतून आलेली चिठ्ठी वाचली. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना वयात येण्याबद्दल माहिती द्यायला आरोग्य खात्याच्या ताई येणार आहेत, पालकांनी संमती द्यावी, असं त्यात होतं. लगेच कुजबुज सुरू झाली. "नको त्या वयात नको ते कशाला सांगायचं? पोरींना म्हणावं जपून राहा, खाली मान घालून जा-ये करा. झालं." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या आजी बोलल्या. "मलाबी एवढंच सांगितलं होतं. चौदाव्या वर्षी लगीन झालं. पहिल्या रात्री काय असतं ते कुणीच बोललं नव्हतं. मी रडत बाहेर पळाले, तर घरातल्या बाया हसल्या."

बैठक गप्प झाली. चिठ्ठीवर त्या दिवशी निर्णय झाला नाही. पण हा वाद आपल्याच गावातला नाही, तो शंभर वर्षांचा आहे, हे कळल्यावर आम्हाला धीर आला. तीच गोष्ट आज सांगतो.

महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला माहीत आहेत. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव, म्हणजे र. धों. कर्वे. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, त्यांची आई राधाबाई बाळंतपणात गेली. पुढे रघुनाथराव मुंबईत कॉलेजात गणित शिकवू लागले. बायकांनी सारखी बाळंतपणं सोसून का मरावं, हा प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स बाईंनी असंच केंद्र उघडलं होतं. या कामापायी रघुनाथरावांची नोकरी गेली. पत्नी मालतीबाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या.

जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढलं. लोक शरीराबद्दलचे प्रश्न विचारायचे आणि रघुनाथराव सरळ उत्तरं छापायचे. त्यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. खटला हरला, दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र बंद पडलं नाही. १९५३ मध्ये रघुनाथराव गेले, तोपर्यंत ते चालू राहिलं.

दुसऱ्या बाजूलाही लहानसहान माणसं नव्हती. महात्मा गांधींचं मत होतं की मुलं कमी व्हायला हवीत हे खरं, पण त्याला मार्ग एकच, संयम. डिसेंबर १९३५ मध्ये अमेरिकेच्या मार्गारेट सँगर बाई त्यांना भेटायला वर्ध्याला आल्या. गांधीजींचं म्हणणं होतं की बाईने नवऱ्यालाही 'नाही' म्हणायला शिकावं. सँगर बाईंचं म्हणणं होतं की घरोघरच्या बाईला ते जमणार कसं? तिच्या हातात काही साधन नको का? दोघांनाही बाईचं ओझं दिसत होतं, पण वाट जुळली नाही. सँगर बाई त्याच दौऱ्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्रिवेंद्रमच्या अधिवेशनाला गेल्या. तिथे जमलेल्या बायकांनी संततिनियमनाच्या बाजूने ठराव केला.

१९३८ मध्ये बाबासाहेबांच्या पक्षाने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. पुढे १९५२ मध्ये स्वतंत्र भारताच्या सरकारनेच कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. ज्या गोष्टीपायी एका माणसाची नोकरी गेली, त्याच गोष्टीच्या पाट्या मग दवाखान्यांच्या भिंतींवर लागल्या.

म्हणजे लग्न झालेल्यांशी बोलायला सुरुवात झाली. वयात येणाऱ्या पोरांचं काय? तिथे गाडी पुन्हा अडली. २००५ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आणला. एचआयव्हीची भीती होती, त्यापासून मुलांना वाचवायचं होतं. पण विरोध झाला आणि २००७ मध्ये आपल्या महाराष्ट्रासह काही राज्यांनी तो थांबवला. २००९ मध्ये राज्यसभेच्या एका समितीनेही सांगितलं की शाळेत लैंगिक शिक्षण नको, लग्नाआधी संबंध नकोत एवढाच संदेश मुलांना द्यावा.

हा संदेश ऐकायला चांगला वाटतो. आम्हीही आई आहोत, आम्हालाही तोच आवडतो. पण आजींचं बोलणं आठवलं की वाटतं, 'लग्नापर्यंत थांब' हे ज्या मुलीचं लग्नच सोळाव्या वर्षी होतं तिच्या काय कामाचं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, वीस ते चोवीस वयाच्या महाराष्ट्रातल्या जवळजवळ २२ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. त्या मुली काही चुकल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. फक्त त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. आणि घरातलाच कुणी अंगाला हात लावत असेल, तर 'जपून राहा' एवढ्या शब्दांत ती आईला काय आणि कसं सांगणार?

न बोलण्याची किंमत आपलं शरीर देतं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. ते १९८९ मध्ये छापून आलं. शंभरातल्या ९२ जणींना अंगावरचं जाणं, पाळीचा त्रास, गुप्तरोग असं काही ना काही होतं. त्याआधी तपासणी झालेल्या शंभरात फक्त आठ होत्या. बाकीच्या लाजेने सोसत होत्या. याच राणीताईंनी पुढे तरुण मुलामुलींसाठी 'तारुण्यभान' शिबिरं सुरू केली.

सांगितल्याने पोरं बिघडतील, ही भीती आमच्या गटातही निघाली. युनेस्कोने देशोदेशीचे अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये सांगितलं की पूर्ण आणि खरी माहिती दिल्याने मुलं लवकर त्या वाटेला लागत नाहीत. नुसतं 'थांबा' एवढंच शिकवण्याचा मात्र उपयोग दिसलेला नाही. पूर्ण माहितीत 'थांबा' हेही असतंच. सोबत पाळी कशी येते, दिवस कसे राहतात, रोग कसा लागतो, 'नाही' कसं म्हणायचं आणि कुणाला सांगायचं, हेही असतं. चुलीजवळ जाऊ नको, एवढंच आपण लेकराला सांगत नाही. ती भाजते, हेही सांगतो.

या महिन्याच्या बैठकीत चिठ्ठी पुन्हा निघाली. आधी काय शिकवणार ते आम्हा आयांना दाखवा, मग मुलांना शिकवा, असं शाळेला कळवायचं ठरलं. दोघी अजून तयार नाहीत. त्यांच्यावर आम्ही जोर केला नाही, पण त्यांनाही त्या दिवशी यायला सांगितलं आहे. बाकीच्यांनी सह्या केल्या.

आजींनी अंगठा उठवला आणि विचारलं, "पोरांनाबी सांगणार ना? का पुन्हा एकट्या पोरींनीच जपून राहायचं?"

तुमच्या गटातही हा प्रश्न आधी विचारा.